भिजवलेले आणि मोड आलेले दाणे: ठाणे-नवी मुंबईतल्या पक्षीपालकांचे नेहमीचे प्रश्न

घरी बजी (म्हणजे बजरिगार, छोटे पोपट), फिंच, जावा (जावा चिमणी), कॉकटील, आफ्रिकन लव्हबर्ड असे पक्षी पाळणाऱ्यांकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात, खास करून मार्च संपला की आणि मग पहिला पाऊस पडला की. म्हणून सगळे एका जागी घेतलेत. एक गोष्ट आधीच सांगते, इंटरनेटवर भिजवण्याच्या तासांचे जे तक्ते फिरतात ते बहुतेक थंड देशातले आहेत, तिथे दाणे २४ तास पाण्यात राहिले तरी चालून जातं, आपल्याकडे कळव्यात किंवा कोपरखैरण्यात मे महिन्यात तेवढ्या वेळात त्याचं आंबवण होतं. त्यामुळे खाली दिलेले तास इथल्या हवेचे आहेत.

१. भिजवलेले दाणे आणि मोड आलेले दाणे, दोन्ही एकच ना?

नाही. भिजवलेला म्हणजे पाणी पिऊन फुगलेला दाणा, अजून मोड बाहेर आलेला नाही. मोड आलेला म्हणजे टोकाला पांढरा ठिपका किंवा छोटी शेपटी दिसायला लागलेली. पक्ष्यांसाठी सगळ्यात चांगली वेळ या दोन्हींच्या मधली, म्हणजे मोड नुकता डोकावतोय, फार तर दाण्याएवढा लांब. उसळीला आपण लांबलचक मोड काढतो तसं इथे करायची गरज नाही, जितका जास्त वेळ दाणा ओला आणि उबदार राहील तितके त्यात जंतू वाढतात.

२. माझे बजी सुके दाणे मस्त खातायत, मग एवढा खटाटोप कशाला?

दाणा पाणी प्यायला की त्यातली एन्झाइम्स जागी होतात, स्टार्चचं साखरेत रूपांतर सुरू होतं, फायटिक अॅसिड कमी होतं त्यामुळे खनिजं अंगी लागतात, काही व्हिटॅमिन्स वाढतात, आणि दाणा मऊ झाल्याने पिल्लांना भरवायला सोपा पडतो. दुसरं कारण म्हणजे हे पक्षी मूळचे कुठले ते बघा. बजी आणि झेब्रा फिंच ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातले, पाऊस पडला की गवताला दाणे धरतात, आणि त्या अर्धकच्च्या हिरव्या दाण्यांवर ते पिल्लं वाढवतात. भिजवलेला दाणा त्याच्या बराच जवळ जातो.

पण हे पूर्ण जेवण नाही हां. दाण्यात व्हिटॅमिन ए आणि कॅल्शियम कमीच असतं, मोड आणून ते भरून निघत नाही. शेवग्याचा पाला, कोथिंबीर, मेथी, किसलेलं गाजर आणि पिंजऱ्यात कटलफिश बोन म्हणजे समुद्रफेस, हे चालूच ठेवायचं. सुके दाणेही बंद करायचे नाहीत.

३. नक्की कुठले दाणे भिजवायचे?

छोट्या पक्ष्यांना कांगणी म्हणजे आपला राळा, बाजरी, नाचणी, वरीचे सालासकट दाणे, कॅनरी सीड. कॉकटील आणि लव्हबर्डला याच्या जोडीला अख्खे मूग, मटकी, गहू, करडई आणि साळ म्हणजे टरफलासकट भात. नवीन माणसाने सुरुवात कांगणी आणि मुगावर करावी, दोन्ही इमानदारीत मोड देतात आणि बिघडले तर लगेच वासाने कळतं.

नाचणी मला स्वतःला फार आवडते. १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, धान्यांमध्ये एवढं दुसऱ्या कशात क्वचितच सापडेल, आणि मोडही पटकन येतात. आपल्याकडे बाळाला नाचणीचं सत्व देतात ते मोड आणूनच करतात ना, तोच गुण पिल्लांच्या आई-बापांना मिळतो. फक्त दाणा बारीक असल्याने गाळणी बारीक जाळीची लागते.

पॉलिश केलेला, साल काढलेला दाणा घेऊ नका. किराणा दुकानात उपवासाची वरी किंवा राळ्याचा तांदूळ मिळतो त्याला मोड येतच नाहीत, पाण्यात पडला की नुसता कुजतो.

४. कुठले अजिबात द्यायचे नाहीत?

राजमा कच्चा किंवा मोड आलेला कधीच नाही, त्यात लेक्टिन असतं आणि ते विषारी आहे. सोयाबीनही नको. हरभरा आणि चवळी मोठ्या पक्ष्यांना द्यायची असेल तर मोड आणून मग दहा-पंधरा मिनिटं उकळून, थंड करून द्या, कच्ची नको.

ज्वारीबद्दल खूप जण विचारतात. सुकी ज्वारी चालते, पाच-सहा तास भिजवून लगेच दिली तरी चालते, पण मोड आणून नको. ज्वारीच्या कोंबात धुरिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि त्यातून सायनाइड सुटतं, कोवळी ज्वारी गुरांना का चारत नाहीत ते गावाकडच्या कुणालाही विचारा. एवढे बाकीचे दाणे आहेत तर ही जोखीम का घ्यायची.

सूर्यफूल विषारी नाही पण तेलकट असतं, ओलं राहिलं की सालाखाली बुरशी धरतं आणि बाहेरून दिसत नाही. ते सुकंच, मोजकं द्या.

५. दाणे कुठून घेऊ? पेट शॉपमधले की वाण्याकडचे?

कुठलेही चालतील, फक्त ते खायचे दाणे असले पाहिजेत, पेरायचे नाही. बियाण्याच्या दुकानातल्या पिशवीतल्या बाजरीला बुरशीनाशक लावलेलं असतं, गुलाबी किंवा लालसर रंग दिसतो, ते धुऊनही जात नाही. ते पक्ष्यांना घालायचं नाही म्हणजे नाही.

ठाण्यात जांभळी नाक्याला सुटं धान्य मिळतं, नवी मुंबईवाल्यांना वाशीच्या एपीएमसीत दाणाबंदर म्हणजे धान्याचा घाऊक बाजार आहे, चार-पाच जणांनी मिळून आणलं तर परवडतं. घेताना मूठ भरून वास घ्या, कुबट किंवा केमिकलचा वास नको, धुरळा कमी हवा, बाजरीत काळे लांबट तुकडे दिसले तर ती अरगट बुरशी असू शकते, ती बाजरी सोडून द्या.

आता महत्त्वाचं. घरच्या डब्यातलं वर्षाचं साठवणीचं धान्य पक्ष्यांना घालायच्या आधी आईला किंवा सासूबाईंना विचारा त्यात काय घातलंय. कडधान्याला बोरिक पावडर चोळतात, कुणी पाऱ्याच्या टिकड्या टाकतात, तूर-मुगाला एरंडेलाचा हात लावतात. माणसं धुऊन शिजवून खातात, आपण कच्चं देतोय आणि वीस-तीस ग्रॅमच्या जिवाला देतोय. कडुलिंबाचा पाला घातला असेल तर काही हरकत नाही, पाला काढा आणि वापरा.

६. दोन दिवस झाले तरी मोड येत नाहीत, माझं काय चुकतंय?

बहुतेक वेळा चूक तुमची नसते, दाणाच मेलेला असतो. जुना, उन्हात तापलेला, कीड मारायला धूर दिलेला किंवा पॉलिश केलेला. नवीन माल आणला की एक टेस्ट करून बघा: १०० दाणे मोजून ओल्या कापडात गुंडाळा, डब्यात ठेवा, दोन-तीन दिवसांनी मोजा. ८० च्या वर मोड आले तर उत्तम. ५०-६० आले तर तो माल सुकाच द्या, भिजवायला घेऊ नका, कारण जे दाणे उगवत नाहीत तेच आधी सडतात आणि बाकीच्यांनाही बिघडवतात. मोड येतायत पण सोबत आंबट वास येतोय तर प्रश्न १० बघा.

७. स्टेप बाय स्टेप सांगा ना, किती तास, किती वेळा धुवायचं?

एका दिवसाला लागतील तेवढेच दाणे घ्या. चाळून धुरळा उडवा, मग मोठ्या भांड्यात पाणी घालून हाताने चोळा, वर तरंगणारं सगळं ओतून द्या, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे तीन-चार वेळा. पहिल्या पाण्याचा रंग बघितलात तर एवढं का धुवायचं ते कळेल.

मग दाण्यांच्या तिप्पट पाण्यात भिजत घाला. कांगणी, नाचणी, वरी उन्हाळ्यात पाच ते सहा तास, थंडीत आठ. मूग, मटकी, गहू सहा ते आठ तास, थंडीत दहा. उन्हाळ्यात मधे एकदा पाणी बदला. बारीक आणि मोठे दाणे एकत्र भिजवू नका, त्यांचं वेळापत्रक जुळत नाही.

यानंतर पाणी पूर्ण काढून टाका, आणि बहुतेकांचं बिघडतं ते इथेच. दाणे ओलसर हवेत, पाण्यात बसलेले नकोत. स्टीलची गाळणी तिरकी करून पातेल्यावर ठेवा, वर मलमलचं ओलं कापड, थर बोटाच्या एका पेराहून जाड नको, आणि उन्हात नाही, गॅसजवळ नाही, हवा खेळते तिथे. दर चार ते सहा तासांनी वाहत्या पाण्याखाली धुऊन परत निथळत ठेवायचं, उन्हाळ्यात चारच तासांनी. मूग-मटकीला त्यानंतर आठ-बारा तासांत मोड दिसतो, कांगणीला साधारण एक दिवस, थंडीत थोडा जास्त.

नोकरीवाल्यांसाठी जमणारं वेळापत्रक असं: सकाळी निघताना भिजत घाला, आल्यावर धुऊन निथळत ठेवा, झोपताना एकदा धुवा, सकाळी उठून धुऊन द्या. उन्हाळ्यात सकाळचं भिजवणं संध्याकाळपर्यंत लांबत असेल तर त्याऐवजी रात्री झोपताना भिजवा आणि सकाळी मोडाची वाट न बघता नुसते भिजलेलेच द्या, ते कमी दर्जाचं अजिबात नाही.

द्यायच्या आधी शेवटचं धुणं, मग स्वच्छ फडक्यावर पसरून वरचं पाणी टिपून घ्या. आणि वास. प्रत्येक वेळी वास. ताज्या मोडांना कच्च्या शेंगेसारखा हिरवट वास येतो, बाकी कुठलाही वास आला तर टाकून द्या, विचार करत बसू नका. भांडी, गाळणी, कापड पक्ष्यांचं वेगळं ठेवा, रोज साबणाने धुऊन उकळतं पाणी ओता आणि उन्हात वाळवा.

८. आमच्याकडे टँकरचं पाणी येतं, त्यात भिजवू का?

धुवायला नळाचं चालेल, भिजवायला आणि शेवटच्या धुण्याला उकळून थंड केलेलं किंवा फिल्टरचं वापरा. घोडबंदर रोडला उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढणाऱ्या सोसायट्या आहेत, ते पाणी कुठून भरलंय आपल्याला माहीत नसतं. नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी येतं ते नळाला चांगलं असलं तरी वाटेत सोसायटीच्या टाक्या आहेत आणि त्या शेवटच्या कधी धुतल्या ते सेक्रेटरीलाच विचारावं लागेल. पाण्याला थोडासा क्लोरीनचा वास असेल तर घाबरू नका, उलट जंतूंसाठी बरं, मोड येण्यात अडथळा येत नाही.

९. भिजवताना व्हिनेगर, मीठ, हळद, पोटॅशियम परमँगनेट काही घालायचं का?

अॅपल सायडर व्हिनेगर एक लिटर पाण्याला एक मोठा चमचा, एवढं बरेच जण घालतात, मीही उन्हाळ्यात घालते, जंतूंची वाढ थोडी मंदावते. पण ते धुण्याची जागा घेत नाही. मीठ नको, छोट्या पक्ष्यांना जास्त मीठ झेपत नाही. हळदीने पाणी पिवळं होतं, खराब झालेला दाणा ओळखायला अवघड जातो. परमँगनेटचं प्रमाण घरी अंदाजाने चुकतं, नका घालू.

एक लक्षात ठेवा, जंतू बऱ्याचदा दाण्यासोबतच येतात. २०११ मध्ये जर्मनीत ई कोलायची मोठी साथ आली होती, माणसं दगावली, आणि तिचा माग मेथीच्या मोडांपर्यंत लागला. माणसांच्या बाबतीत असं होऊ शकतं तर पक्ष्यांच्या बाबतीत धुण्यात कंटाळा करून कसं चालेल.

१०. मे महिन्यात दरवेळी आंबट वास आणि चिकट होतं, काय करू?

तीन गोष्टी तपासा: भिजवण्याचे तास, निथळणं, थराची जाडी. ३४-३५ डिग्री आणि वर दमट हवा, त्यात दाणे स्वतःही उगवताना उष्णता सोडतात, जाड थराच्या मधे बोट घालून बघा, चटकन कळेल. थर पातळ करा, धुणं वाढवा, धुवायला माठातलं गार पाणी घ्या. एवढं करून जमत नसेल तर भिजल्यावर पहिले काही तास बाहेर आणि रात्रभर फ्रिजमध्ये असं करा, मोड हळू येतात पण स्वच्छ येतात. चिकट झालेले दाणे धुऊन वापरता येतात का असंही विचारतात. नाही.

११. पावसाळ्यात मोड बंद करावेत का?

मोड बंद केले तरी चालतील, भिजवणं चालू ठेवा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कापड वाळत नाही, भिंतींना ओल येते, हवेतच बुरशीचे कण असतात, आणि पक्ष्यांना अॅस्परजिलस बुरशीचा फुप्फुसाचा आजार होतो तो बरा करणं फार कठीण. म्हणून या महिन्यांत माझं मत स्पष्ट आहे: पाच-सहा तास भिजवा, धुवा, द्या, विषय संपला. सुके दाणेही जपा, थोडे थोडे आणा, हवाबंद डब्यात ठेवा, सोंडे किंवा धान्यातले पतंग दिसले तर कीड न लागलेला साठा आठवडाभर फ्रीजरमध्ये घाला.

१२. मोडांवर पांढरं केसासारखं आलंय, बुरशी आहे का?

कधी कधी ती मुळाची केसं असतात, विशेषतः कांगणी आणि गव्हाला. ओळखायचं असं: मुळाची केसं फक्त मुळावरच असतात, सगळीकडे सारखी, आणि पाणी मारलं की चिकटून दिसेनाशी होतात. बुरशी दाण्याच्या सालावर, दोन-तीन दाण्यांना जोडणाऱ्या जाळीसारखी असते, पाण्याने जात नाही, राखाडी किंवा काळसर होत जाते आणि कुबट वास येतो. शंका वाटली तर सगळीच बॅच टाका, दिसणारी बुरशी वेचून उरलेलं देणं चुकीचं आहे.

१३. एका पक्ष्याला किती, आणि पिंजऱ्यात किती वेळ ठेवायचं?

फिंचला अर्धा छोटा चमचा, बजीला एक, कॉकटीलला दोन, दिवसातून एकदा. पिल्लं असतील तर जास्त, त्यासाठी प्रश्न १७. सकाळीच द्या, पसरट स्टीलच्या किंवा चिनीमातीच्या ताटलीत, काड्यांच्या खाली नको म्हणजे वरून शीट पडणार नाही. उन्हाळा-पावसाळ्यात दोन तासांनी ताटली उचला, थंडीत फार तर चार. उकडलेलं अंडं मिसळलं असेल तर दीड तासच. मुंग्या येत असतील तर ताटली पाण्याच्या बशीत ठेवा, खडू किंवा स्प्रे पिंजऱ्याच्या आसपास नको.

१४. ताई, माझे पक्षी तोंडच लावत नाहीत!

सुरुवातीला सगळ्यांचं असंच असतं, काही पक्षी पंधरा दिवस घेतात. संध्याकाळी सुक्या दाण्यांची वाटी काढून ठेवा आणि पहाटे पहिलं जेवण म्हणून चमचाभर भिजलेले द्या, वर थोडे सुके भुरभुरा. तासाभराने सुके परत ठेवा, उपाशी ठेवून शिकवायचं नाही, छोटा पक्षी एक दिवसही उपाशी राहिला तर जीव धोक्यात येतो. कॉलनीत, म्हणजे एकाच मोठ्या पिंजऱ्यात बरेच पक्षी असतील तर, एकाने खाल्लं की बाकीचे बघून खातात, त्यामुळे खाणारा एखादा पक्षी शेजारच्या पिंजऱ्यात ठेवला तरी फरक पडतो.

१५. आठवड्याचं एकदम करून फ्रिजमध्ये ठेवलं तर?

आठवड्याचं नाही, दोन दिवसांचं ठीक, फार तर तीन. नीट निथळून, टिपून, डब्यात तळाला कोरडं फडकं घालून झाकण सैल ठेवा, रोज एकदा धुवा. देताना आधी नॉर्मल तापमानाला येऊ द्या. दुपारी तीन-चार तास लाइट गेली असेल तर ती बॅच टाका.

१६. हे द्यायला लागल्यापासून शीट पातळ झालीये, जुलाब आहेत का?

ओलं खाणं वाढलं की लघवीचा पाण्याचा भाग वाढतो, मधला घट्ट भाग नीट असेल आणि पक्षी चपळ असेल तर काळजी नाही. पण मधला भागच विरघळलेला, हिरवा-पिवळा, घाण वासाचा, शेपटीखाली चिकटलेला, किंवा पक्षी पिसं फुगवून कोपऱ्यात बसलेला असेल तर मोड त्याच क्षणी बंद आणि पक्ष्यांच्या डॉक्टरकडे त्याच दिवशी. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतात, उद्या बघू म्हणू नका.

१७. ब्रीडिंगच्या वेळी किती वाढवायचं? आणि ब्रीडिंग नको असेल तर?

मटकी (कडधान्य नाही, घरट्यासाठी पिंजऱ्यात लावतात ते छोटं मडकं) लावायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून भिजवलेले दाणे रोज द्या, अंडी घातल्यावर निम्मं करा, पिल्लं फुटली की सकाळ-संध्याकाळ ताजं, पिल्लं स्वतः खायला लागली की हळूहळू कमी. पिल्लं असताना एकही खराब बॅच गेली तर आई-बाप तीच भरवतात आणि अख्खं घरटं जातं, म्हणून या दिवसांत भिजवलेले पुरेत, मोडांचा आग्रह नको. दाणे ओलसर असल्याने कॅल्शियमची पावडर त्यावर छान चिकटते, सुक्यावर ती तळाला जाऊन बसते.

ब्रीडिंग नको असेल, किंवा एकटी मादी असून अंडी घालत असेल, तर आठवड्यातून दोनदाच. रोजचं मऊ खाणं म्हणजे तिच्या शरीराला पाऊस पडल्याचा निरोप (प्रश्न २ बघा), ती अंडी घालत राहते, कॅल्शियम संपतं आणि अंडं अडकू शकतं. मटकी काढा, उजेडाचे तास कमी करा.

१८. आमच्याकडे पोपट आहे, किंवा बाल्कनीतल्या कबुतरांना उरलेलं टाकू का?

आपला हिरवा पोपट आणि मुनिया पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे, पिंजऱ्यात असेल किंवा पिल्लू सापडलं असेल तर वन विभागाला १९२६ वर कळवा. कबुतरांना टाकू नका, त्यांच्या विष्ठेमुळे माणसांना फुप्फुसाचे आजार होतात, आणि बाहेरच्या पक्ष्यांचे रोग तुमच्या पिंजऱ्यापर्यंत येतात. उरलेलं कुंडीतल्या मातीत पुरा.

१९. गणपतीला गावी जातोय, शेजारी दाणापाणी बघणार आहेत, मोड कसे द्यायला सांगू?

सांगूच नका. त्या दिवसांत सुके दाणे, पाणी आणि शेजाऱ्यांना जमलं तर एखादी कोथिंबिरीची काडी. वास ओळखणारं माणूस घरात नसेल तर ओलं अन्न नको. परत आल्यावर अर्ध्या मात्रेने सुरू करा.

२०. पक्ष्याचं औषध चालू आहे, पाण्यातून देतोय. मोड चालू ठेवू का?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात पण विचारायला हवा. ओले दाणे खाणारा पक्षी पाणी कमी पितो, म्हणजे पाण्यातलं औषधही कमी पोटात जातं आणि डोस अर्धवट राहतो. त्यामुळे पाण्यातून औषध असेल तेवढे दिवस भिजवलेलं आणि रसाळ भाजी-फळं बंद ठेवा, किंवा डॉक्टरला आधीच सांगा की आम्ही रोज ओले दाणे देतो, मग ते औषध थेट चोचीत द्यायचं सुचवू शकतात. अशक्त पक्षी फक्त मऊच खात असेल तर बंद करू नका, ताजे भिजवलेले द्या, आणि डॉक्टरकडून औषध चोचीतूनच मागून घ्या.